लातूरला का नेलं नाही

“हिला विचारा साहेब. माझ्या बहिणीला बाहेर बाकड्यावर का बसवून ठेवलं, तेवढं आधी हिला विचारा!”

बसलिंग ताडकन उठला तशी त्याची खुर्ची मागं सरकून भिंतीला लागली. मास्क घसरून हनुवटीवर आला होता. टेबलापलीकडं तीन डॉक्टर बसले होते. त्यातले मधले, पांढऱ्या केसांचे, हातानंच खाली बसा म्हणाले.

“मास्क वर घ्या आधी. आणि ‘ही’ नाही. डॉक्टर आहेत त्या.”

“डॉक्टर असत्या तर माझी बहीण जिवंत असती.”

“बसा म्हणतोय ना.”

बसलिंग बसला. बसताना माझ्याकडं बघून पुटपुटला, “दाजी, तुम्ही तर बोला काही. नुसतं गप बसायलाव.”

मी काय बोलणार? माझं उदगीरला मोटार वायंडिंगचं दुकान. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की लोक माझ्याकडं आणतात. साहेबलोकांपुढं बोलायची सवय मला कधीच नव्हती. बोलायचं काम बसलिंगचं. तो माझ्या बायकोचा, महानंदाचा धाकटा भाऊ. मोंढ्यात त्याची धान्याची अडत आहे आणि तिथं दिवसभर ओरडूनच बोलावं लागतं. आमच्या दोघांच्या मधी माझा मुलगा मल्लिनाथ बसला होता. तक्रार त्यानं लिहिली होती. सह्या आम्हा तिघांच्या होत्या.

कोरोना आला त्याच्या पुढच्या जानेवारीतली ही गोष्ट. लातूरला एका सरकारी कचेरीत आमच्या तक्रारीची चौकशी होती. महानंदा ज्या खाजगी दवाखान्यात गेली, त्या दवाखान्याचे मालक आले नव्हते, वकील आला होता. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत, ज्यांच्यावर आमची सगळी तक्रार होती त्या डॉक्टर प्रज्ञा सोनकांबळे बसल्या होत्या. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो. चार महिने ज्या बाईला मनात शिव्या दिल्या, ती डोळ्यांपुढं मोठी, जाड, मग्रूर अशी कुणीतरी असायची. ही तर मल्लूपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल-नसेल अशी पोरगी निघाली. मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती.

तिला मग एकेक विचारत गेले. पण त्याआधी ऑगस्टच्या शेवटी काय झालं होतं ते सांगायला पाहिजे.

घरात पहिल्यांदा पॉझिटिव्ह निघालो तो मी. ताप आला, तपासणी झाली आणि नगरपालिकेची गाडी दारात आली. आळीतले लोक गच्चीवरनं बघत होते. मला शहराबाहेरच्या एका वसतिगृहात नेऊन ठेवलं. महानंदानं चादर, तांब्या आणि धपाट्यांचा डबा बांधून दिला आणि दारातनंच म्हणाली, “गोळ्या वेळेवर घ्या. मी बघायला नाही म्हणून टाकून देऊ नका.” तेवढंच आमचं शेवटचं बोलणं. मल्लू पुण्याला कंपनीत होता, लॉकडाऊनमध्ये घरी आलेला, तो होता तिच्याजवळ. म्हणून मी निश्चिंत होतो.

तिची तब्येत तशी नाजूकच झाली होती. उन्हाळ्यात तिच्या पोटातला अल्सर फुटला, रक्ताची उलटी झाली, रक्त चढवावं लागलं. त्यातनं सावरत होती. मी वसतिगृहात गेल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी तिच्या पाठीत कळ आली, घाम फुटला, दम लागला. मल्लूनं शेजारच्याला टेम्पो काढायला लावून तिला दवाखान्यात नेलं. दुपारी मला त्याचा फोन आला.

“अप्पा, आईला जरा दम लागायलाय. दवाखान्यात आणलंय. ऑक्सिजन लावलाय. काळजी करू नका.”

“तिला दे फोन.”

“आत सोडत नाहीत कुणाला.”

“डॉक्टर काय म्हणायलेत?”

मागं गाडी सुरू झाल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, “बरी आहे. तुम्ही जेवलात का?”

दिवस मावळताना बसलिंगचा फोन आला. तो बोललाच नाही, नुसता रडत राहिला. मला कळायचं ते कळलं.

आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून माती देतात. विभूती लावतात, हातात लिंग ठेवतात, स्वामी मंत्र म्हणतात. महानंदाला कोरोनाची संशयित म्हणून प्लास्टिकात गुंडाळलं आणि जेसीबीनं काढलेल्या खड्ड्यात आडवी ठेवली. मल्लू आणि बसलिंग लांब उभे होते. मी तर खोलीत होतो, दाराला बाहेरनं कडी. तिच्या तपासणीचा रिपोर्ट मागनं आला. तिला कोरोना नव्हताच. हार्ट अटॅक होता.

तो रिपोर्ट आला आणि मल्लू बदलला. पुण्याची नोकरी त्यानं सोडून दिली. सगळे कागद गोळा केले, वकिलांना भेटला, पेपरवाल्यांना भेटला, तक्रारीवर तक्रार केली. दवाखान्याच्या दारात जाऊन त्या डॉक्टरबाईंच्या नावानं ओरडून आला, तेव्हा पोलिसांनी समज देऊन सोडला. घरात मात्र माझ्याशी बोलायचा नाही. मी एका खोलीत गेलो की तो दुसऱ्या खोलीत. लोक म्हणायचे, आईवर जीव होता पोराचा. मलाही तसंच वाटायचं. आजार घरात माझ्यामुळं आला, माझ्यामुळं त्यांनी तिला कोरोनाची समजून बाजूला बसवली, म्हणून पोराला माझं तोंड बघवत नसेल, असं मी धरून चाललो होतो.

तर त्या खोलीत पांढऱ्या केसांचे डॉक्टर विचारत होते.

“पेशंट आल्या तेव्हा तुम्हाला काय दिसलं?”

“दम लागला होता. घाम होता. पाठीत दुखतंय म्हणाल्या. घरात कुणी पॉझिटिव्ह आहे का विचारलं, तर मुलगा म्हणाला, वडील आहेत.”

“म्हणून तुम्ही कोविड धरून चाललात.”

“हो सर.”

“बाहेर का बसवलं?”

“संशयितांच्या खोलीत जागा नव्हती. आत घ्यायचं तर पॉझिटिव्ह पेशंटमध्ये घ्यावं लागलं असतं. म्हणून शेडमध्ये बाकावर बसवून सिलिंडर लावला.”

“किती वेळ?”

त्या वर बघून म्हणाल्या, “नको तितका वेळ. तिथंच ईसीजी काढायला हवा होता. काढला, पण उशिरा. त्या दिवसांत दम लागलेला माणूस दिसला की मला कोविडच दिसायचा.”

दवाखान्याचा वकील खुर्चीत सरसावला, त्यानं त्यांच्याकडं डोळे वटारून बघितलं. त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. बसलिंगनं उठायला टेकवलेले हात परत मांडीवर घेतले. समोरची बाई नाही नाही म्हणेल, आपण ओरडू, अशी तयारी करून तो आला होता.

“ईसीजीत अटॅक कळला. मग गुठळी विरघळवायचं इंजेक्शन का नाही दिलं?”

“त्यांच्या पोटातला अल्सर नुकताच फुटून गेला होता. ते इंजेक्शन दिलं असतं तर आत रक्तस्राव होऊन त्यातच गेल्या असत्या. बाकीची औषधं दिली. त्यांना अँजिओप्लास्टीच हवी होती आणि ती उदगीरला होत नव्हती.”

“म्हणजे लातूरला पाठवायला हवं होतं.”

“हो. मी फोन केले. दोन ठिकाणी नाही म्हणाले. एका ठिकाणी म्हणाले, घेऊन या, पण कोविडचा रिपोर्ट बघितल्याशिवाय हात लावणार नाही. लगेच सांगणारे टेस्टचे किट आमच्याकडे संपलेले होते.”

“अँब्युलन्स होती?”

“होती.”

“ऑक्सिजनवाली?”

“हो. दारात उभी होती.”

“मग पाठवलं का नाही?”

त्यांनी पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला.

“तो निर्णय माझा होता सर.”

“कारण?”

“रस्त्यात काही झालं असतं तर... मला वाटलं, इथं ठेवणं बरं. निर्णय माझा होता.”

“बघा!” बसलिंग परत उभा. “कबूल केली! साहेब, लिहून घ्या. गाडी दारात उभी होती आणि हिनं नेऊ दिलं नाही. तोंडानं सांगायलीय!”

मी मल्लूच्या गुडघ्यावर हात दाबून धरला. हा आता धावून जाणार असं मला वाटलं. चार महिने ज्या एका गोष्टीसाठी पोरगं झोपलं नव्हतं, ती त्या बाईनं तोंडानं कबूल केली होती. पण त्याचा गुडघा माझ्या हाताखाली थंड होता. तो डॉक्टरबाईंकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. लहानपणी विहिरीत पडता पडता वाचला होता, तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता.

“नातेवाइकांना कल्पना दिली होती?” पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांनी विचारलं.

“जेवढी द्यायची तेवढी दिली होती,” त्या म्हणाल्या. त्यांनी आमच्या बाजूला बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवून बघितलं नाही, हे मला कळलं.

“बाहेर जाऊन येतो,” मल्लू म्हणाला आणि उठून गेला.

साहेबांनी चहापुरतं कामकाज थांबवलं. बसलिंग फोन लावून गावाकडं सांगायला लागला, “हो, कबूल केली. सगळ्यांसमोर. आता सुटत नाही.” मी बाहेर आलो. मल्लू दिसला नाही. गाड्या लावायच्या जागेत बदामाच्या झाडाखाली डॉक्टरबाई एकट्या उभ्या होत्या. मी जवळ गेलो तशा त्या दोन पावलं मागं सरल्या आणि हात नकळत तोंडापुढं आला. हिला कधीतरी कुणी मारलंय, हे बघूनच समजलं.

“मी भांडायला आलो नाही मॅडम,” मी म्हणालो. “एकच विचारतो. त्या दिवशी माझ्या पोरानं काय केलं?”

“तुमच्या मुलाला विचारा.”

“तो माझ्याशी बोलत नाही. आई गेल्यापासून बोलत नाही. आत तुम्ही म्हणालात निर्णय माझा, तेव्हा तो तुमच्या अंगावर यायला पाहिजे होता. उठून गेला. बापाला एवढं कळतं.”

त्यांनी कचेरीच्या दाराकडं बघितलं. कचेरीतला शिपाई चहाचा ट्रे घेऊन गेला. मग म्हणाल्या, “काका, मी सांगीन. पण तुम्ही नीट ऐकायचं. अर्धं ऐकून जायचं नाही.”

“सांगा.”

“अँब्युलन्स दारात होती. ती गेली तर परत कधी येईल माहीत नव्हतं, दुसरीकडनं फोन येत होते. मी तुमच्या मुलाला बाहेर बोलावलं. त्याला म्हटलं, लातूरला नेलं तर वाचायची शक्यता आहे, पण रस्त्यात जाऊ शकतात आणि तिथं पोचल्यावर लगेच घेतील की नाही सांगता येत नाही. इथं ठेवलं तर मी आहे, पण माझ्याकडं हवं ते नाही. बोल, काय करू? तो म्हणाला, थांबा. आत आईकडं गेला, परत आला आणि म्हणाला, ठेवा.”

मी जायला वळलो.

“अर्धं ऐकून जाऊ नका म्हटलं ते यासाठी,” त्या म्हणाल्या. “त्याला विचारायलाच नको होतं मी. तो काय डॉक्टर आहे? त्याला काय कळत होतं? मला कळत होतं. न्यायलाच हवं होतं, हे मला आतून माहीत होतं. पण तीन दिवस मी घरी गेले नव्हते, सकाळपासून माझ्या हाताखाली माणसं जात होती. आणखी एक निर्णय घ्यायचं माझ्यात राहिलं नव्हतं. म्हणून मी तो त्या मुलाच्या डोक्यावर टाकला. तो ठेवा म्हणाला आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं झालं. म्हणून आत म्हणाले निर्णय माझा. त्याला वाचवायला खोटं बोलले नाही काका. ते खरंच आहे.”

“पण तुमची डॉक्टरकी जाईल याच्यानं.”

“जाईल किंवा नाही जाणार. तो दवाखाना तर मी सोडलाच.” मग म्हणाल्या, “तो दवाखान्याच्या दारात येऊन माझ्या नावानं ओरडत होता ना, तेव्हा मी आत होते. मला वाटायचं, ओरडू दे. त्याला कुणीतरी पाहिजे ओरडायला.”

मल्लू इमारतीच्या मागच्या बाजूला पायऱ्यांवर बसला होता. मास्क काढून हातात धरला होता. मी शेजारी बसलो. त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, “सांगितलं त्यांनी?”

“मी विचारलं म्हणून.”

“मामाला सांगितलं का तुम्ही?”

“नाही.”

सांत्वन करायला माणसाजवळ शब्द फार थोडे असतात. माझ्याजवळ तर त्याहून थोडे. जे पहिलं आलं ते बोललो. “मल्लू, मी तिथं असतो तर मीपण तेच सांगितलो असतो.”

तो हसला. महानंदा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला हसताना बघितलं, आणि नको तसलं हसणं होतं ते.

“मला माहीत होतं तुम्ही हेच म्हणणार अप्पा. म्हणूनच सांगितलं नाही.”

“का रे?”

“तुम्ही असं म्हणून मिटवून टाकलं की मी कुठं जाऊ? कुणावर ओरडू?”

वरच्या खिडकीतनं शिपायानं हाक दिली, चला, बोलावलंय. मी उठलो. त्यानं काय करावं हे मी त्याला सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं, पण कुणीतरी त्याला काय करू म्हणून विचारल्यामुळंच हे सगळं झालं होतं. आता मी त्याला काय कर म्हणून सांगितलं असतं तरी ते तितकंच जड झालं असतं. जिना चढताना तो माझ्या मागं होता. पावलं वाजत होती म्हणून येतोय एवढं कळत होतं.

आत गेल्यावर पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांनी विचारलं, “तक्रारदारांना आणखी काही सांगायचंय?”

“आम्हाला न्याय पाहिजे साहेब,” बसलिंग म्हणाला. “दुसरं काही नाही.”

“मला सांगायचंय,” मल्लू उभा राहिला. त्याचा आवाज इतका बारीक होता की तिघा डॉक्टरांतल्या, टेबलाच्या कडेला बसलेल्या बाईंनी पुढं वाकून ऐकलं. “यांनी मला विचारलं होतं. लातूरला पाठवू का म्हणून. सगळं समजावून सांगितलं होतं. मी म्हणालो ठेवा.”

“मल्लिनाथ,” डॉक्टरबाई एकदम म्हणाल्या, “बस खाली. काही गरज नाही.”

“गरज आहे मॅडम. बाकड्यावर बसवलं ते यांनीच. उशीर केला तो यांनी. पण लातूरला मी नेलं नाही.”

बसलिंग त्याच्याकडं बघत राहिला. आधी त्याला समजलंच नसावं. मग हळूहळू समजलं आणि तो तांबडा झाला नाही, पांढरा पडला.

“तू?” तो म्हणाला. “मला का फोन केला नाहीस? मोंढ्यात होतो मी. पाच मिनिटांच्या रस्त्यावर. मी खांद्यावर घालून नेली असती तिला.” मल्लू खाली मान घालून उभा होता. “आणि त्या कागदावर माझी सही घेतलास? माझी?”

त्यानंतर तो ओरडला नाही. रुमालानं तोंड पुसलं, साहेबांना हात जोडले आणि खोलीतनं गेला. खाली त्याची गाडी निघाल्याचा आवाज आम्ही वर बसून ऐकला. आम्ही त्याच्याच गाडीनं आलो होतो.

पुढचं इथंच सांगून टाकतो. चौकशीचा निकाल आला तेव्हा दुसरी लाट सुरू झाली होती, वाचायलाही कुणाला वेळ नव्हता. पेशंटला बाहेर बसवणं आणि ईसीजीला उशीर करणं यासाठी दवाखान्याला दोषी धरलं. डॉक्टर सोनकांबळेंना समज दिली, डॉक्टरकी गेली नाही. त्या आता कुठं आहेत मला माहीत नाही. मल्लूला पुण्यात दुसरी नोकरी लागली. बसलिंग आमच्या घरी परत कधी आला नाही. महानंदाच्या वर्षश्राद्धाला मी स्वतः बोलवायला गेलो, त्यानं चहा पाजला, येतो म्हणाला आणि आला नाही. गेल्या वर्षी मल्लूचं लग्न झालं, मामाचा मान ठेवून पहिली पत्रिका त्याला दिली. आहेर पाठवला, माणूस नाही. मोंढ्यात समोर आला तर दाजी बरं आहे का विचारतो, मी बरं आहे म्हणतो. मी त्याला दोष देत नाही. पाच मिनिटांचा रस्ता त्याला अजून दिसत असणार.

पण त्या दिवशी लातूरहून आम्ही बापलेक एसटीनं परत निघालो. गाडीत माणसं कमी होती, तरी आम्ही मागं जाऊन बसलो. दुपारचं ऊन खिडकीतनं मांडीवर येत होतं. शहर संपलं. मग तो म्हणाला, “अप्पा, पायऱ्यांवर म्हणालात ते खरं होतं का? तुम्हीपण ठेवाच म्हणाला असता?”

त्याला हो म्हणणं सोपं होतं. तोंडात आलंही होतं. पण चार महिन्यांत त्यानं मला पहिल्यांदा काही विचारलं होतं आणि खोटं बोलायचा धीर झाला नाही.

“माहीत नाही रे,” मी म्हणालो. “न्या म्हणालो असतो की ठेवा म्हणालो असतो. खरंच माहीत नाही.”

त्यानं मान हलवली. खिडकीकडं तोंड करून बसला. मला वाटलं, संपलं बोलणं. पण थोड्या वेळानं तो सरकून माझ्या कानाशी आला, काचा खडखडत होत्या म्हणून, आणि सांगायला लागला.

सकाळपासूनचं सगळं सांगितलं. ती चुलीपुढनं कशी उठली, पाठ दुखते म्हणून भिंतीला कशी टेकली. टेम्पोत त्याच्या मांडीवर डोकं ठेवून कशी झोपली आणि वळणावर टेम्पो उसळला की त्याचाच हात धरून ‘तुला लागलं का’ म्हणायची. बाकड्यावर बसल्या बसल्या तिनं शेजारच्या म्हातारीला पाणी दिलं. मग आत नेलं. मग गाडी आली, मॅडमनी विचारलं आणि तो थांबा म्हणून आत गेला.

“तिला म्हटलं, आई, लातूरला न्यायचं म्हणायलेत. तर माझा हात धरला तिनं. म्हणाली, तिथं नेलं तर तुला आत सोडणार नाहीत. एकटीला कुठंतरी ठेवतील. इथंच राहू दे मला. इथं तू दारात तरी हाईस.” त्यानं मास्क वर ओढला. “म्हणून ठेवा म्हणालो. ती म्हणाली म्हणून. आणि मी बाहेर आलो, तर त्यांनी दार लावून घेतलं. परत आत सोडलंच नाही मला.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“तुम्हाला फोन केला ना दुपारी, तेव्हा ती गाडी दारातनं निघत होती. मला तुम्हाला विचारायचं होतं. थांबवू का गाडी, नेऊ का हिला. तुमचा आवाज ऐकला आणि विचारताच येईना. म्हणून जेवलात का विचारलं.”

मग तो संध्याकाळपर्यंतचं बोलला. दाराला बारीक काच होती, त्यातनं तिचे पाय दिसत होते. पायांवरची चादर सरकली होती, ती कुणीतरी नीट करावी म्हणून तो काच वाजवत होता. नर्स आली, तिनं चादर ओढली आणि मग ती तिथंच उभी राहिली, जाईना. मग मॅडम पळत आल्या. मग दाराआड सगळ्यांच्या पाठीच दिसायला लागल्या.

नळेगाव मागं पडलं होतं. कंडक्टर पुढं ड्रायव्हरशी बोलत बसला होता. मल्लू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता, आवाज न करता, अख्खं अंग हलत होतं. मी रडलो नव्हतो तोवर. वसतिगृहात रडू आलं नाही, सुटून आल्यावर तिच्या मातीवर गेलो तेव्हा नाही, रिपोर्ट आला तेव्हाही नाही. महानंदा नाही हे मला माहीत होतं, लोकांना मी तसं सांगतही होतो. पण ती गेली ते मी बघितलं नव्हतं ना, माझ्यापुरती ती अजून दारात डबा बांधून उभीच होती. त्या दिवशी एसटीत, नळेगावच्या पुढं, मल्लूनं पाठीच दिसायला लागल्या म्हटलं, तेव्हा माझी बायको गेली.